चाबीवाल्याने निवडलेले मासे

उदयसिंग पवार चौतीस वर्षं खाली मान घालून चालले. लाजेनं नव्हे, नोकरीच तशी होती. ते रेल्वेत चाबीवाले होते. जऊळका स्टेशनच्या अकोल्याकडच्या अंगाला साडेसहा किलोमीटरचा रूळ त्यांच्या वाट्याला आला होता. सकाळी खांद्यावर हातोडा टाकायचा, झोळीत पाना, झेंड्या आणि रुळावर ठेवायचे फटाके घ्यायचे, एका रुळाकडे बघत जायचं आणि दुसऱ्याकडे बघत परत यायचं. रूळ जागेवर धरणारी लोखंडी चाबी ढिली दिसली की ठोकायची, दोन रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटचा नट सैल वाटला की आवळायचा. हिवाळ्यात लोखंड आकसतं आणि रूळ तडकतो. असा तडा दिसला तर चाकाखाली फुटून ड्रायव्हरला इशारा देणारे ते फटाके लावून, लाल झेंडी धरून गाडी थांबवायची. अशा तेरा वेळा त्यांनी गाड्या थांबवल्या. त्या तेरांचं त्यांना कधी कौतुक वाटलं नाही. चौदावा आपल्या नजरेतून सुटला तर नसेल, हीच टोचणी असायची. घरी येऊन हातपाय धुतले, ताटावर बसले, तरी कान रुळाकडे.

अपघात काही झाला नाही. निवृत्तीच्या दिवशी शाल मिळाली, नारळ मिळाला, साहेब चार चांगले शब्द बोलले. बायको कमलीबाई म्हणाली, "सुटलो बाप्पा. आता तरी पोटभर झोपा."

पण झोप कुठली. पहाटेच्या गाडीची वेळ झाली की उदयसिंग अंथरुणात उठून बसत. गाडी लांबून येताना ऐकू येई, पुलावर तिचा आवाज बदले, मग ती घरामागून धडधडत जाई. शेवटचा डबा गेला की ते पुन्हा आडवे होत. नोकरी सुटली, धाक सुटला नाही.

त्यांच्या जागी बादल राठोड आला. तिशीतला, दोन लेकरांचा बाप, मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरचा. पोरगा कामाला वाईट नव्हता, पण उदयसिंगना त्याचा फोन खटकायचा. फोन खिशात, वायर कानात. ते रेल्वे फाटकापाशी जाऊन उभे राहायचे आणि बादल आला की विचारायचे, "वळणावरच्या चाब्या पाह्यल्या का?"

"पाह्यल्या, काका."

"नाल्यापासच्या?"

"त्याही पाह्यल्या."

असं महिनाभर चाललं. शेवटी एक दिवस बादल थांबला, कानातली वायर काढली आणि हळूच म्हणाला, "काका, तुमच्यावानी कोनी नाई, हे मले समजते. पण तुमी रोज इथं उभे राह्यता, तं मले वाटते मी चोरच हाय. घरी बसा न आता."

उदयसिंग मागं फिरले. घरी आले, ओसरीवर बसले, आणि दोन दिवस फाटकाकडे गेले नाहीत. कमलीबाईला ते बसणं जास्त जड वाटलं. तिनं मुलाला सांगितलं, "राजपाल, तुया बाबाले घरात काहीतरी पाहाले दे. नाई तं हे मानूस रुळावरच बसंन."

राजपालचं वाशीमला ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचं दुकान होतं. काच कापणं हा त्याच्या हातचा मळ. त्याला बाबांची एक जुनी गोष्ट आठवली. चाबीवाल्यांची दर काही वर्षांनी डोळ्यांची तपासणी व्हायची आणि उदयसिंग तिला फार भ्यायचे. नजर अधू ठरली तर काम जाणार. एका वर्षी दवाखान्याच्या बाकावर तीन तास बसावं लागलं. समोर माशांची काचेची टाकी होती. तिच्याकडे बघता बघता छातीतली धडधड कधी थांबली ते त्यांना कळलंच नाही, आणि नाव पुकारलं तेव्हा ते सहज उठून आत गेले. ही गोष्ट त्यांनी घरी शंभरदा सांगितली असेल. शेवट नेहमी एकच, "बसून पाहावं असं हाय ते."

राजपालनं पंधरा दिवस दुकान बंद झाल्यावर राबून टाकी केली. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. जाड काच, लोखंडी अँगलचा स्टँड. टेम्पोतून ती जऊळक्याला आणली, चार माणसांनी धरून बैठकीत ठेवली.

"जल्मभर फिशप्लेट कसल्या, बाबा," राजपाल म्हणाला. "आता नुसते फिश पाळा."

कमलीबाईनं टाकीभोवती एक चक्कर मारली. "ज्याचा रस्सा होत नाई तो मासा घरात कायले," एवढंच तिचं म्हणणं होतं. पण पदरानं काच तिनंच पुसली.

राजपाल उत्साही आणि घाईचा. सकाळी बोअरच्या पाण्यानं टाकी भरली आणि दुपारी एका फिरत्या विक्रेत्याकडून तेरा मासे आणून सोडलेही. सहा गोल्डफिश, चार एंजल, दोन शार्क, आणि एक काळा चपटा, ज्याचं नाव विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. संध्याकाळी निम्मी वस्ती बघायला आली. उदयसिंग खुर्ची ओढून बसले. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या कपाळावरची आठी मोडलेली कमलीबाईनं पाहिली.

दुसऱ्या दिवशी मासे पाण्याच्या वर तोंड काढू लागले. तिसऱ्या दिवशी दोन शार्क उलटे झाले. चौथ्या दिवशी टाकीत एकही जिवंत मासा नव्हता.

उदयसिंगनी ते सगळे लिंबाच्या झाडाखाली पुरले. राजपाल म्हणाला, "बाबा, मासेच हायत. दुसरे आनू."

"नाई," ते म्हणाले. "पयले मले समजू दे, हे कायनं मेले. समजल्याबिगर नवा जीव आनाचा नाई."

रेल्वेत काही बिघडलं की चौकशी लागते. कारण सापडल्याशिवाय कागद बंद होत नाही. तीच सवय. त्यांची मुलगी निता अकोल्यात दिलेली होती. तिनं फोनवर सांगितलं की त्यांच्या भागात एक बाई माशांचं दुकान चालवते आणि लोक म्हणतात, ती खरं सांगते. गुरुवारी उदयसिंग अकोल्याला गेले.

दुकान अरुंद आणि लांब होतं, दोन्ही भिंतींना टाक्यांच्या तीन-तीन ओळी. मालकीण रंजीता पस्तिशीची, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. उदयसिंगनी तिला सगळं क्रमानं सांगितलं, तारीख-वेळेसकट.

"टाकीत पाणी किती दिवसांचं होतं, काका?"

"त्याच दिवशी भरलं."

"मंग इथंच समजलं," रंजीता म्हणाली. "मासा पाण्यातच खाते आन् पाण्यातच घाण करते. ती घाण खाणारे बारीक जंतू असतात, डोळ्याले न दिसणारे. ते फिल्टरच्या स्पंजात वाढतात. नव्या टाकीत ते नसतात. मंग पाण्याचंच इख होते. तुमचे मासे आजारानं नाई मेले. कच्च्या पाण्यानं मेले. पाणी पिकू द्या लागते."

"आंबा पिकते. पानी कसं पिकन?"

"महिनाभर थांबा, पिकते." तिनं विचारलं, "चहाच्या भगोन्याले पांढरा थर बसते का?"

"बसते. चिंच लावून घासा लागते."

"म्हणजे तुमचं पाणी जड हाय. त्याले बदलत बसू नका, थकून जासान. जड पाण्यात जो मासा खुश राह्यते, तोच निवडा."

एवढ्यात तिचा फोन वाजला. आईचा असावा, कारण ती एकदम गोरमाटीत, बंजाऱ्यांच्या बोलीत, बोलू लागली. ही तर घरचीच बोली, उदयसिंगांचे कान टवकारले. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, तुमचा तांडा कोनता?"

मानोरा तालुक्यातला तांडा होता. आईवडील ऊसतोडीला जायचे, ती पुण्याजवळ राहून शिकली आणि शिकता शिकता माशांच्या दुकानात सहा वर्षं कामाला होती. तिथून हा धंदा घेऊन आली. मग दोघांनी नात्यागोत्याची चौकशी केली आणि कुठं तरी लांबून एक धागा जुळला. उदयसिंगना बरं वाटलं. तेरा मासे मेले ते आपल्या पापानं नाही आणि कुणाच्या दुष्टपणानंही नाही, एका न कळलेल्या गोष्टीनं मेले, आणि ती गोष्ट आता कळली होती. परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसून डुलकी घेत आले.

रंजीतानं पुढच्या खेपेला आपल्या एका जुन्या टाकीतला स्पंज ओल्या पिशवीत बांधून दिला. तो फिल्टरात घातला, चिमूटभर खाद्य टाकलं, आणि टाकी नुसती चालू ठेवली. मासे नाहीत, फक्त पाणी आणि बुडबुडे. शेजारीपाजारी हसायचे. उदयसिंग मात्र दर गुरुवारी अकोल्याला जात आणि दुकानात एकेका टाकीसमोर अर्धा-अर्धा तास उभे राहत. घेत काही नसत.

"काका, एवढं काय पाहून राह्यले?" रंजीतानं एकदा विचारलं.

"कोन कोनाच्या मागं लागते, कोन कोनाले खाऊ देत नाई, कोन कोपऱ्यात तोंड घालून उभा राह्यते. घरी नेल्यावर समजून काय फायदा?"

तिसऱ्या गुरुवारी रंजीता गडबडीत होती. गावातल्या एका लहान मुलांच्या दवाखान्यात नवी टाकी बसली होती आणि तिथं तिला चाळीस प्लॅटी पाठवायचे होते. ती जाळीनं मासे काढून पिशव्या भरत होती. त्याच टाकीतले सहा मासे उदयसिंगनी मनात आपले म्हणून ठरवले होते, म्हणून ते तिथंच उभे होते.

"बाई, जरा थांबा," ते म्हणाले. "हा एक गोट्याले अंग घासून राह्यला. मी आल्यापासून चौथ्यांदा."

"खाज सुटली असंन, काका."

"एकाले सुटली असती तं मी बोललो नसतो. आता तो दुसराही घासून राह्यला."

रंजीतानं जाळी खाली ठेवली, मोबाईलचा उजेड काचेवर धरला आणि नाक लावून बघितलं. एका माशाच्या शेपटीवर मिठाच्या कणासारखे दोन ठिपके होते. दुसऱ्याच्या कल्ल्याजवळ एक. तिनं भरलेल्या पिशव्या एकेक करून सोडल्या आणि सगळे मासे त्याच टाकीत परत गेले.

"पांढरे ठिपके," ती म्हणाली. "लागट रोग हाय. हे चाळीस तिथं गेले असते, तं आठ दिवसात लेकरांसमोर सगळे मेले असते. अन् माया शब्दाची किंमत राह्यली नसती." ती स्टुलावर बसली. "आज वाचलो, काका."

तिनं दवाखान्याला दहा-बारा दिवस थांबायला सांगितलं, टाकीत औषध घातलं, पाणी ऊबदार केलं. उदयसिंगांचे सहा मासेही त्यातच अडकले, पण त्याचं त्यांना वाईट वाटलं नाही. उलट कित्येक महिन्यांनी छातीवरचं काहीतरी हललं. नजर अजून शाबूत होती आणि ती कुणाच्या तरी कामाला आली होती.

डिसेंबर लागला. पाणी पिकलं. रंजीतानं त्यांच्या टाकीतल्या पाण्याची बाटली मागवून तपासली आणि म्हणाली, "आता न्या मासे."

ते दुकानात असतानाच राजपालचा फोन आला, "बाबा, तो डोक्यावर टेंगूळवाला मोठा आना. फ्लॉवरहॉर्न. घरात नशीब येते म्हनतात."

उदयसिंगनी रंजीताकडे बघितलं. तिनं मान हलवली. "एकटाच राह्यन तो. दुसऱ्या कोणाले जगू देत नाई."

"मंग टाकी सहा फुटी कायले केली," उदयसिंग फोनवर म्हणाले. "एकट्याले बादली पुरली असती."

निवडायला त्यांना अख्खी दुपार लागली. नव्यानं आलेल्या, पंधरा दिवस वेगळ्या ठेवलेल्या माशांच्या टाकीतून त्यांनी आठ नारिंगी प्लॅटी काढायला लावले, दोन नर आणि सहा माद्या, कारण नर जास्त झाले की माद्यांना धड श्वास घेऊ देत नाहीत हे त्यांनी स्वतःच पाहिलं होतं. चार काळ्या मॉली. मग मध्यभागी पोहणारे सहा रेनबो, दिसायला आधी फिके, पण ऊन पडलं की अंगावर निळी झाक येणारे. एका रेनबोचे पंख अंगाला चिकटलेले होते, तो त्यांनी परत सोडायला लावला. शेवटी तळाशी फिरणारे सहा कोरी. बोटाएवढे, मिशीवाले, खाली तोंड घालून एकेक गोटा तपासत जाणारे. या माशांना हलकं पाणी जास्त मानवतं, पण रंजीताकडची ही पिल्लं इथल्याच जड पाण्यात वाढलेली, म्हणून ती हो म्हणाली. उदयसिंग त्यांच्यासमोर उगाच बराच वेळ रेंगाळले.

चोवीस मासे झाले. मासे रात्रभर पिशवीत राहू नयेत म्हणून ते दुकानातच ठेवले आणि उदयसिंग निताकडे मुक्कामाला गेले. सकाळी साडेसहाला रंजीतानं खास त्यांच्यासाठी शटर उघडलं. दुहेरी पिशव्या, आत हवा, वरून वर्तमानपत्राची गुंडाळी, आणि सगळं थर्माकोलच्या खोक्यात.

"सहा तास काही होत नाई," ती म्हणाली. "फक्त गारठू देऊ नका. आज थंडी लय हाय."

थंडी होतीच. तुरीच्या शेतांवर धुकं साचलेलं, डब्यात लोक कान बांधून बसलेले. उदयसिंगांसमोर एक माळ्याची म्हातारी होती, सीताबाई नावाची, मेथीची दोन गाठोडी घेऊन वाशीमच्या बाजाराला निघालेली.

"खोक्यात काय हाय?" तिनं विचारलं.

"मासे."

"इकाले?"

"नाई. पाळाले."

सीताबाईनं खोक्याकडे आणि मग त्यांच्याकडे बघितलं.

जऊळका चार किलोमीटर राहिलं असेल. इंजिनाखाली काहीतरी फुटल्याचा आवाज झाला. एक, आणि लगेच दुसरा, तिसरा. डब्यात कल्ला उठला. कुणाला टायर फुटल्यासारखं वाटलं, कुणाला गोळी. गाडी कचकचत थांबू लागली. त्या डब्यात फक्त एका माणसाला ते फटाके आहेत हे ठाऊक होतं, आणि ते कशासाठी फुटतात हेही.

उदयसिंग उठून दारात गेले. पुढं धुक्यात लाल झेंडी हलत होती. झेंडी धरणाऱ्याची उभं राहण्याची ढब त्यांनी ओळखली. तो बादल होता.

त्यांचे पाय आपोआप पायरीवर गेले. मग खोक्याची आठवण झाली आणि ते अडखळले.

"जा तुमी," सीताबाई मागून म्हणाली. "मी हाय न इथं." तिनं आपली गाठोडी सरकवली आणि खोकं धुक्यातून कोवळं ऊन येणाऱ्या खिडकीशी घेतलं. "मायी मेथी गारव्यानं ताजी राह्यते, तुमच्या मासोळ्या गारव्यानं मरतात. त्यायलेच बसू द्या उन्हात."

उदयसिंग खाली उतरले, गिट्टीवरून इंजिनाच्या पुढं गेले. तडा रुळाच्या पायापासून वर चढला होता, आतल्या बाजूनं, जिथं वाळकं गवत झुकलेलं होतं. वरून फक्त केसाएवढी रेघ. ते गुडघ्यावर बसले, बोट फिरवलं. हा आपल्याला दिसला असता का, असं त्यांनी स्वतःला विचारलं.

"कसा दिसला तुले?"

"दव होतं, काका," बादल म्हणाला. त्याचा श्वास अजून जोरात चालला होता, लांबवर पळत गेल्यामुळे. "रुळावर सारखं पसरेल होतं. इथं आलो तं मधात तुटल्यावानी दिसलं. म्हणून बसून पाह्यलं. फटाके लावले अन् पळता पळताच स्टेशनले फोन केला. दुरुस्तीची गँग निघेल हाय, येतेच."

फोन त्याच्या हातातच होता. उदयसिंगांच्या काळात झेंडी रोवून स्टेशनापर्यंत धावत जावं लागे.

"चांगलं पाह्यलं," ते म्हणाले.

बादलनं मान वर केली. काहीतरी आणखी येईल, नाल्यापाशी पाहिलं का, वळणावर पाहिलं का, अशी त्याची वाट पाहणारी नजर होती. पण उदयसिंगना विचारायचं काहीच उरलं नव्हतं.

"काका, थंडीत उभे राहू नका. तासभर तं लागनच."

"हो. मायेही गाडीत मासे हायत," ते म्हणाले आणि वळले.

तुटलेला रूळ दुसऱ्याच्या भरवशावर सोडून पाठ फिरवायची ही त्यांची पहिलीच वेळ. दहा पावलं गेल्यावर त्यांना वाटलं, मागं वळून बघावं. नाही बघितलं. अंग इतकं हलकं झालं होतं की गिट्टीवर पाय ठरेना.

डब्यात परतले तर खोक्यावर सीताबाईचं घोंगडं होतं आणि चार बायका त्याभोवती बसल्या होत्या. उदयसिंगनी झाकण उघडलं, कागद सारून बघितलं. प्लॅटी फिरत होते, रेनबो वर येऊन तोंड हलवत होते, पण कोरी माशांची पिशवी कडेला असल्यानं गार लागत होती. मासे तळाशी निपचित पडले होते. उदयसिंगनी स्वेटरची बटणं काढली आणि ती पिशवी पोटाशी धरून बसले. समोरच्या पोरी हसू दाबत होत्या. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. पोटाला गारवा झोंबला, मग हळूहळू तो गेला, आणि मग पिशवीच्या आतून काहीतरी टोचलं. मिशी असावी. एक कोरी हलला होता.

गाडी एक तास पन्नास मिनिटांनी सुटली. चालत्या माणसाच्या गतीनं ती त्या जागेवरून गेली. खाली तात्पुरती फिशप्लेट लावलेली होती, तिच्यावरून चाक जाताना 'खट्' असा आवाज झाला आणि डबा पुढं निघाला. सीताबाईनं हात जोडले. बाहेर बादल हिरवी झेंडी धरून उभा होता. उदयसिंगना हात हलवता आला नाही, दोन्ही हात पिशवीवर होते.

घरी राजपाल, कमलीबाई आणि शेजारची चार माणसं वाट बघत होती. उदयसिंगनी कुणाला घाई करू दिली नाही. पिशव्या आधी अर्धा तास टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवल्या. मग पेल्या-पेल्यानं टाकीचं पाणी पिशवीत घातलं. मग एकेक मासा जाळीनं सोडला. कमलीबाई मोजत होती. बावीस, तेवीस, चोवीस.

चोविसावा प्लॅटी थेट तळाशी गेला आणि एका कुशीवर पडला.

राजपालला पुन्हा लिंबाचं झाड दिसू लागलं असावं, तो बाहेर जाऊन उभा राहिला. उदयसिंग खुर्ची ओढून समोर बसले. जेवणाला उठले नाहीत. कमलीबाईनं भाकरी तिथंच आणून दिली आणि आपणही पाट घेऊन बसली. कोरी तळाच्या वाळूत तोंड खुपसत त्या पडलेल्या माशाभोवती फिरून गेले. दुपारी ऊन टाकीवर आलं आणि रेनबोंच्या अंगावर निळं चमकलं. त्याच सुमारास प्लॅटीची शेपटी हलली. तो तिरपा झाला, सरळ झाला, वर आला, आणि कमलीबाईनं टाकलेला खाद्याचा एक कण त्यानं पकडला, थुंकला, पुन्हा पकडला.

"खाल्लं," कमलीबाई म्हणाली.

"खाल्लं," उदयसिंग म्हणाले.

तेवढं बोलून त्यांनी खुर्चीच्या पाठीला डोकं टेकवलं. थोड्या वेळानं कमलीबाईनं बघितलं तर ते झोपले होते, तोंड किंचित उघडं, हात सैल. संध्याकाळची गाडी घरामागून धडधडत गेली, खिडकीच्या काचा थरथरल्या, तरी ते जागे झाले नाहीत. तिनं अंगावर गोधडी घातली आणि राजपालला फटफटी आवाज न करता ढकलत न्यायला सांगितली.

पहिल्या महिन्यात एक रेनबो दगावला, कशानं ते कळलं नाही. बाकीचे तगले. माघात मॉलीनं पिल्लं घातली. मोठ्यांनी त्यातली बरीच खाल्ली, तरी सात वाचली, आणि राजपाल त्यांच्यासाठी एक लहान टाकी करायला लागला. रश्श्याचा विषय कमलीबाईनं परत काढला नाही. खाद्य घालायचं काम तिनं आपल्याकडे घेतलं आहे आणि त्यात ती दुसऱ्याला हात लावू देत नाही.

बादल एकदा सुट्टीच्या दिवशी दोन्ही लेकरांना घेऊन आला. लेकरं काचेला नाक लावून बसली. उदयसिंगनी त्याला चहा दिला आणि दोघं मॉली आणि प्लॅटीतला फरक बोलत बसले.

रंजीताचा मात्र आता दर पंधरवड्याला फोन येतो. "काका, परवा नवा माल आला. तीनशे मासे हायत. मी पाह्यलं, मले काही दिसलं नाई. तुमी एकदा येऊन पाहा न."

मग उदयसिंग धुतलेला सदरा घालतात, भाकरीचा डबा घेतात आणि सकाळच्या गाडीनं अकोल्याला जातात. दुकानात त्यांच्यासाठी एक स्टूल ठेवलेलं आहे. ते त्यावर फारसे बसत नाहीत.